खिशातला पाऊलमापक

ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती फिरणारी माणसे मधूनच मोबाइल फोनकडे पाहतात. आज किती पावले झाली, हे तो सांगतो. खिशातल्या फोनला पाय तर दिसत नाहीत. मग त्याला हे कळते कसे?

फोनमध्ये त्वरणमापक असतो. त्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. पाऊल पडले की हिसका बसतो, तुकडा किंचित सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युतधारकता बदलते. चालताना असे हिसके सेकंदाला सुमारे दोन येतात. ही लय ओळखून फोन पावले मोजतो. फोन हातात धरून त्याच लयीत हलवा. बसल्या जागीही पावले ‘पडतील’!

दिवसाला दहा हजार पावले, हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावाचाच तो अर्थ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी पावले नव्हे, वेळ सांगितली: रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल. २०१६ साली जगातील ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुलेमुली यात कमी पडत होती.

पावलांच्या आकड्यात श्रम दिसत नाहीत. समजा, डोंबिवली स्थानकावरचा पूल ६ मीटर उंच आहे आणि तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे. पूल चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ५० × ९.८ × ६ = २९४० ज्यूल. सपाट फलाटावर तितकीच पावले चाललात, तर हे कार्य शून्य! श्रमांचा खरा साक्षीदार म्हणजे तुमची नाडी.

म्हणून चांगला कार्यक्रम सर्वांना एकच आकडा देत नाही. तो तुमच्या कालच्या चालीवरून उद्याचे लक्ष्य ठरवतो. हे तुम्हीही वहीत करू शकता. आठवडाभर नेहमीसारखे वागून रोजची पावले लिहा आणि सरासरी काढा. पुढच्या आठवड्यात त्यात ५०० मिळवा. जिना चढल्यावर लगेच नाडीचे मिनिटाचे ठोके मोजा. महिनाभराने तोच जिना त्याच वेगाने चढून ठोके कमी भरले, तर तुमचे हृदय अधिक सक्षम झाले असे समजा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

शिक्षकांनी वर्गात प्रत्येकाचा आलेख काढून घ्यावा. मात्र तुलना शेजाऱ्याशी नको, स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी असावी.