भाड्याच्या घरापासून स्वतःच्या घरापर्यंत

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मुख्य गरजा आहेत. अन्न रोज मिळवावे लागते. पण घर बहुतेक कुटुंबे आयुष्यात एकदाच विकत घेतात. म्हणून त्या व्यवहारात झालेली चूक फार महाग पडते.

कुंडलिका नदीकाठचे जालना शहर 1 मे 1981 रोजी जिल्ह्याचे ठिकाण झाले. येथील पोलाद कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या यांमुळे दूरदूरची माणसे कामासाठी येतात. ती आधी भाड्याची खोली घेतात. भाडेकरूलाही कायद्याचे संरक्षण आहे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्यानुसार भाड्याची पावती देणे घरमालकाला बंधनकारक आहे. ही पावती जपून ठेवावी.

मग स्वतःच्या घराचा विचार सुरू होतो. कोणी भिशी लावून, कोणी दागिने मोडून पैसे जमवतो, तर कोणी बँकेचे कर्ज घेतो. कर्जाचा हिशेब आधी समजून घ्यावा. समजा, 5,00,000 रुपयांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 5,071 रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील 3,750 रुपये व्याजातच जातात. पूर्ण मुदतीत सुमारे 9,12,800 रुपये भरावे लागतात. मुदत 20 वर्षे केली तर हप्ता सुमारे 4,500 रुपयांवर येतो. पण एकूण भरणा 10,79,000 रुपयांच्या पुढे जातो. हप्ता लहान दिसला म्हणून कर्ज स्वस्त होत नाही.

पैसे देण्यापूर्वी कागद पाहावेत. जमीन शेतीची असेल तर सातबारा, शहरातील मोजणी झालेली असेल तर मालमत्ता पत्रक, गावठाणातील घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहावा. विकणाऱ्याचे नाव त्यावर आहे का? आणखी कोणी वारस आहेत का? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा लिहिलेला आहे का? हे तपासावे. घराचा कर भरल्याची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

सौदा ठरला की इसार देतात आणि इसारपावती करतात. पण इसारपावतीने घर आपले होत नाही. साध्या बाँडपेपरवर लिहून घेतल्यानेही होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करावी लागते. तेथे मुद्रांक शुल्क भरावे लागते. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास या शुल्कात 1 टक्क्याची सवलत ठेवली आहे. नोंदणीनंतर फेरफार होऊन नवीन मालकाचे नाव सरकारी दप्तरात लागते. तोपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये.

शहराच्या कडेला शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून प्लॉट विकले जातात. असे प्लॉट स्वस्त मिळतात, म्हणून गरीब कुटुंबे तेथे वळतात. पण मंजुरी नसेल तर नोंदणी अडते, बँक कर्ज देत नाही, रस्ता आणि नळ यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी 2001 साली गुंठेवारी कायदा झाला. 2021 च्या सुधारणेने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ दिला. नियमित केलेला प्लॉट आहे का, हे नगररचना विभागात विचारून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तेव्हा सरकारी भाषा उर्दू होती. आज खरेदीखत आणि सातबारा मराठीत असतात. त्यांतील कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत: मालमत्ता, दस्तऐवज, कब्जा, वारस, खरेदी, हप्ता. इतर हक्क, बोजा, चतुःसीमा, फेरफार हे शब्द शिकून घ्या. चतुःसीमा म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे त्याचे वर्णन. घरात असा कागद आला तर सही करण्याआधी तो अब्बा-अम्मीला सावकाश वाचून दाखवा. न समजलेल्या ओळीखाली कोणालाही सही करू देऊ नका. तुमचे मराठी तेव्हा घराच्या उपयोगी पडेल.