ओलं भंगार आणि ‘थांबा’ म्हणायची सोय

खंडेनवमीला कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत भट्टीलाही झेंडूची माळ चढते. यंत्राला असा हात जोडणारी माणसं बेफिकीर आहेत, असं म्हणवत नाही. तरी साध्या चपलेवर लॅडल धरणारा कामगार इथे भेटतो आणि विचारलं तर ‘काय होत न्हाई’ म्हणतो. याला कोल्हापुरी रांगडेपणा म्हणून मोकळं होणं मला साफ नामंजूर आहे. बिडाचा रस 1400 अंश सेल्सिअसच्या आसपास ओततात. भंगारातल्या बंद नळीत घोटभर पाणी अडकलेलं असलं तरी त्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी रस बाहेर फेकते. भट्टीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण ओलं भंगार दिसल्यावर तो मिस्त्रीला ‘थांबा’ म्हणू शकतो का?

डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टीड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासून 1980 मध्ये वरिष्ठ-कनिष्ठांतल्या अंतराचे आकडे मांडले. भारत 77, डेन्मार्क 18. आकडा मोठा, तितकं साहेबापुढे तोंड उघडणं अवघड. 1997 मध्ये कोरियन एअरचं विमान ग्वाम बेटावर टेकडीला धडकलं आणि 228 जण गेले, तेव्हा कॅप्टनला वेळेत न रोखणाऱ्या सहकाऱ्यांच्या संकोचाची जगभर चर्चा झाली. कंपनीने बाहेरचे तज्ज्ञ आणून प्रशिक्षण बदललं. 1999 नंतरच्या दोन दशकांत तिच्या विमान अपघातात एकही जीव गेला नाही. कोरियन संस्कृती काही दोन वर्षांत पालटली नव्हती.

जपानचं उदाहरण तर दोन्हीकडून बोलतं. तिथला रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो, त्याने चुका घटतात. त्याच शिस्तीतल्या आज्ञाधारकपणावर 2012 च्या फुकुशिमा अणुदुर्घटना चौकशी समितीच्या अध्यक्षांनी ठपका ठेवला. मात्र 2011 च्या भूकंपकेंद्राला अधिक जवळचं ओनागावा अणुकेंद्र त्सुनामीतून बचावलं, कारण ते बांधतानाच यानोसुके हिराई या अभियंत्याने उंच जागेचा हट्ट धरला होता. देश एकच, कंपन्या दोन.

म्हणून राष्ट्रस्वभावाला दोष देण्याआधी कारखान्यातली रीत पाहावी. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने फॅक्टरी कायद्यात धोकादायक उद्योगांची यादी आली. तीत फौंड्री होती. जिवाला धोका दिसला तर तो मालकाच्या कानावर थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधींमार्फत घालण्याचा आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कलम 41-एचने कामगाराला दिला. या समितीत कामगार आणि व्यवस्थापन निम्मेनिम्मे असावेत, हेही त्याच दुरुस्तीत आलं.

पण फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या धुळीत उभा असणारा पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस असतो, बिहार-ओडिशातून आलेला. या धुळीने फुफ्फुसाला होणारा सिलिकोसिस अनेक वर्षांनी उघड होतो, तोवर तो दुसऱ्या गावी गेलेला असतो. तक्रार केली तर उद्या हजेरीत नाव राहील का, याची त्याला धास्ती. समितीतल्या कामगारांच्या निम्म्या खुर्च्यांवर अशांपैकी कुणी बसावा, बैठक त्याला कळेल अशा हिंदीत व्हावी आणि भट्टी थांबवल्याबद्दल कुणाचाही रोज कापला जाऊ नये.