पॅनचे बोल्ट मोजा

ट्रान्समिशनचा फिल्टर मागितला की काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, गिअरबॉक्स कुठला? जुन्या अमेरिकन पिकअपचा मालक इथेच अडतो. गाडीचं साल त्याला पाठ असतं, इंजिन किती लिटरचं तेही. गिअरबॉक्सबद्दल मात्र ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढंच. ओहायोत आमच्या घराजवळच्या गॅरेजात १९७८चा शेव्हरोले सी-१० असाच आला होता. मला काम नव्हतं, म्हणून बघत उभा राहिलो.

सुरुवात ग्लव्ह बॉक्सपासून. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जनरल मोटर्स एक स्टिकर लावत असे, त्यावर तीन-तीन अक्षर-आकड्यांचे कोड. एम३८ म्हणजे टर्बो ३५०, एम४० म्हणजे टर्बो ४००. (फोर्डवाल्यांनी हेच दाराच्या चौकटीवरच्या लेबलात शोधायचं.) इथे एम३८ अजून वाचता येत होतं. मालक खूश झाला. मेकॅनिकने काही न बोलता चाकांखाली ठोकळे लावले आणि जॅक ओढला. स्टिकर ही गाडीची जन्मपत्रिका, पुढच्या आयुष्यात काय झालं ते तिच्यात नसतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ट्रकचा गिअरबॉक्स बदलला गेला नसेल, असं मानणं भाबडेपणाचं.

ट्रक स्टँडवर चढल्यावर मेकॅनिक टॉर्च घेऊन खाली सरकला. मागोमाग मीही. तेलाने माखलेल्या चिखलाचा थर तारेच्या ब्रशने निघाला आणि गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पॅनची कड दिसली. ओळख पटते ती इथे. टर्बो ३५०च्या पॅनला १३ बोल्ट, आकार जवळजवळ चौकोनी, पण एक कोपरा छाटलेला. टर्बो ४००लाही १३च, फक्त आकार पार वेडावाकडा. जुन्या पॉवरग्लाइडला १४. त्याने बोट टेकवत मोजलं, मग प्रत्येक बोल्टवर खडूची खूण करत पुन्हा मोजलं. १६ भरले, आणि पॅन सरळ आयताकृती. म्हणजे ७००आर४, किंवा त्याच्या घराण्यातला एखादा. हा गिअरबॉक्स आलाच १९८२ साली. १९७८च्या ट्रकमध्ये तो कारखान्यातून येणं शक्य नाही.

पण घराणं कळलं म्हणजे माणूस कळला असं नाही. ७००आर४चं नाव पुढे ४एल६० झालं आणि ट्रकमध्ये १९९३पासून इलेक्ट्रॉनिक ४एल६०ई येऊ लागला. पॅन तोच, बोल्ट तेवढेच. फरक बाजूला दिसतो: इलेक्ट्रॉनिकला अनेक पिनांचा मोठा गोल कनेक्टर असतो, जुन्याला कार्बोरेटरपासून आलेली केबल. इथे केबल होती. नुसत्या केबलवर भरवसा ठेवून चालत नाही, कारण टर्बो ३५०लाही किकडाउनची केबल असते. केबल आणि पॅन, दोन्ही जुळायला हवेत.

आता बाकीचे पुरावे आपोआप बोलू लागले. चासीवर बोल्टांची रिकामी भोकं होती, म्हणजे गिअरबॉक्स पेलणारा आडवा दांडा मागे सरकवलेला. स्टिअरिंगवरची पट्टी मात्र तीन गिअरांचीच राहिली होती. मालक म्हणाला, चालवताना चार बदल जाणवतात. ऐकून मोजणाऱ्यांची हीच गंमत होते: चार गिअरांत बदल तीनच, चौथा झटका कन्व्हर्टरच्या लॉक-अपचा.

हा उद्योग कुणी केला असेल, हे कोडं नाही. टर्बो ३५०चा शेवटचा गिअर १.००, ७००आर४चा ०.७०. हायवेवर तीन हजारांवर घोंघावणारं इंजिन एकवीसशेवर येतं, पेट्रोल वाचतं. शिवाय पहिला गिअर २.५२ऐवजी ३.०६, त्यामुळे भरलेला ट्रक जोमाने उठतो. जोखीम त्या केबलमध्ये. ती नीट ताणलेली नसली की आतला तेलाचा दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. टर्बो ३५० समजून कुणी ती केबल सैल बसवली असती, तर फिल्टरऐवजी अख्खा गिअरबॉक्स घ्यावा लागला असता.

शेवटी पॅनच्या कडेलगत, केसवर ठोकलेला कोड. चिंधीवर डीझेल घेऊन त्याने ती जागा पुसली. पहिला आकडा सालाचा असतो. निघाला ७, म्हणजे १९८७. त्याने खालूनच ओरडून दुकानाला फोन लावायला सांगितला आणि केबलचा ताण तपासायला घेतला.