पायाला लागतं, पोट थांबतं

पाळीव सशाचं हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. लहान मूल त्याला उचलून छातीशी धरतं, ससा घाबरून मागचे पाय झाडतो, हातातून सुटतो आणि फरशीवर आदळतो. कधी तर तो खाली पडतही नाही, हातातच कंबर मोडते. यावर विश्वास बसत नाही, पण सशाच्या शरीराची घडणच तशी आहे. त्याचा अख्खा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के भरतो. मांजराचा भरतो १२ ते १३ टक्के. उलट कमरेचे आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र विलक्षण ताकदीचे असतात. शत्रूची चाहूल लागताच एका झेपेत बीळ गाठणाऱ्या प्राण्याला हलकी हाडं आणि जोरकस स्नायू दोन्ही हवेत. मोकळ्या जमिनीवर ही जोडी त्याचा जीव वाचवते. पुढचं अंग कुणी घट्ट धरलं आणि मागचं लोंबतं राहिलं, की तीच ताकद कण्यावर उलटते. मोडतो तो बहुतेकदा कमरेचा खालचा भाग, कमरेच्या सातव्या मणक्याच्या आसपास.

दारात पाय चिरडणं, गच्चीच्या कठड्यातून पडणं, पिंजऱ्याच्या जाळीत नख अडकून उपटणं, मांजराचा पंजा, कुत्र्याचा दात, हे बाकीचे नेहमीचे अपघात. पण या सगळ्यांत घरच्यांची नजर जिथे जाते तिथे धोका असतोच असं नाही. रक्त थांबलं, पट्टी बांधली, ससा कोपऱ्यात शांत बसला, म्हणून घर निर्धास्त होतं. सशाच्या बाबतीत खरी काळजी त्या शांततेपासून सुरू होते.

ससा शिकार होणारा प्राणी आहे. कळपात लंगडणारा, विव्हळणारा जीव शत्रूच्या नजरेत आधी भरतो, म्हणून वेदना लपवण्याची सवय त्याच्या रक्तात आहे. जखमी कुत्रा केकाटतो, ससा आक्रसून बसतो. त्याचं दुखणं ओळखायचं कसं, यावर ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं. कानावर ओळखखूण गोंदताना सशांचे चेहरे त्यांनी टिपले, काहींना आधी बधिर करणारं मलम लावून आणि काहींना न लावता. त्यातून २०१२ साली चेहऱ्यावरची वेदना मोजण्याची एक पट्टी तयार झाली. त्यात पाच गोष्टी पाहायच्या असतात. डोळे अर्धवट मिटतात, गाल चपटे होतात, नाकपुड्यांचा आकार टोकदार होतो, मिशा ताठरतात आणि कान घट्ट मिटून मागे वळतात. याला घरच्या निरीक्षणाची जोड द्यावी. पोट जमिनीला दाबून बसणं, करकर आवाज येईल इतक्या जोराने दात घासणं, आवडत्या कोथिंबिरीकडेही पाठ फिरवणं, ही सगळी वेदनेची लक्षणं आहेत.

पहिल्या तासात करायच्या गोष्टी थोड्या आहेत, टाळायच्या जास्त. घरातला गलका थांबवावा, कुत्र्या-मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावं. ससा हाताळताना समोरून एकदम हात नेऊ नये. त्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. बाजूने जाऊन, त्याच्याशी हळू बोलत, त्याला टॉवेलमध्ये गुंडाळावं आणि उचलताना छाती आणि मागचे पाय दोन्हींना आधार द्यावा. मागचे पाय लुळे पडले असतील तर त्याला मुळीच उचलू नये. जाड पुठ्ठा किंवा पोळपाटाहून मोठी सपाट फळी अंगाखाली हळूच सरकवावी आणि फळीसकट न्यावं. काही जण सशाला उताणं करून शांत करतात. ससा तेव्हा निपचित पडतो हे खरं, पण ती विश्रांती नव्हे. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर शेवटचा उपाय म्हणून शरीर गोठतं, तीच ती अवस्था असते आणि तिच्यात भीती भरलेली असते. जखमी सशावर हा प्रयोग कधीच करू नये.

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज किंवा सुती कापड सलग काही मिनिटं दाबून धरावं, दर क्षणाला उचलून पाहू नये. नख तुटलं असेल तरी हाच उपाय. जखम धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ पुरतं. हळद भरण्याची आपल्या घरांतली सवय इथे आवरावी. ससा ती चाटतो, उरलेली केसांत चिकटून बसते आणि डॉक्टरांना जखमेचा तळ दिसत नाही. माणसांसाठीची जंतुनाशकं आणि मलमंही याच कारणासाठी दूर ठेवावीत. सशाची त्वचा कागदाइतकी पातळ असते आणि जे अंगाला लागतं ते पोटात जातं.

कानांना हात लावून पाहावा. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असतं. मोठ्या धक्क्यानंतर कान गार पडले, ससा मलूल झाला, तर शरीर थंड पडू लागलं आहे असं समजावं आणि कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी, तीही त्याला हवं तेव्हा दूर सरकता येईल अशी. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. खोली तिशीच्या पुढे गेली की धडधाकट ससाही धापा टाकतो. दवाखान्यात नेताना उन्हात तापलेली बंद गाडी जखमेपेक्षा घातक ठरू शकते.

मांजराच्या चाव्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो दिसतच नाही. दाट केसांखाली दोन टाचणीएवढी भोकं असतात आणि दातावरचे जंतू खोल रुजलेले असतात. काही दिवसांनी तिथे गाठ येते. सशाचा पू वाहत नाही, तो चक्क्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे नुसती चीर देऊन निचरा होत नाही. बहुतेकदा अख्खी गाठ तिच्या आवरणासकट काढावी लागते. म्हणून मांजराने नुसतं धरलं होतं, काही झालेलं दिसत नाही, अशा सशालाही त्याच दिवशी दाखवावं. भटक्या कुत्र्याने चावलं असेल तर रेबीजचा विषय डॉक्टरांपुढे स्वतःहून काढावा. ससा हाताळताना आपल्या हातावरच्या ओरखड्याला त्या कुत्र्याची लाळ लागली असेल तर तो भाग साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून स्वतःही डॉक्टरकडे जावं.

आता पोटाकडे येऊ. जखमी ससे दगावतात त्यामागे पुष्कळदा जखम नसते, थांबलेलं आतडं असतं.

सशाचं पचन अखंड चालू राहण्यावर बेतलेलं आहे. त्याचं जठर निरोगी अवस्थेत कधीच पूर्ण रिकामं नसतं. गवताचा जाड चोथा आतड्यातून झपाट्याने पुढे जाऊन कोरड्या गोल लेंडीच्या रूपात बाहेर पडतो. बारीक कण मात्र मागे वळवून अंधांत्रात नेले जातात. तिथे जंतू त्यांना आंबवतात आणि त्यातून मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या तयार होतात. त्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. पाहणाऱ्याला किळस येते, पण त्यात जंतूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. सशाचं एक जेवण त्याच्याच पोटात शिजतं आणि ते चुकलं तर तो अशक्त होतो.

वेदना आणि भीती या यंत्रणेवर थेट घाव घालतात. ताणाच्या वेळी कामाला लागणारी मज्जासंस्था आतड्याची हालचाल मंद करते. हालचाल मंदावली की आतला चोथा सुकतो, अंधांत्रातल्या जंतूंचा तोल बिघडतो, वायू साठतो. पोट दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. त्याला उलटीही करता येत नाही. उपास लांबला की शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतात साचू लागते. १० ते १२ तास काहीही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण आहे. ‘रात्रभर पाहू, सकाळी नेऊ’ हे वाक्य कुत्र्याच्या बाबतीत चालून जाईल, सशाच्या बाबतीत अनेकदा महागात पडतं.

म्हणूनच दुखापतीनंतर घरच्यांनी जखमेइतक्याच बारकाईने लेंड्या पाहाव्यात. किती पडल्या, केवढ्या आहेत, आत गवताचे धागे दिसतात का. त्या बारीक, कडक, वेड्यावाकड्या होऊ लागल्या किंवा थांबल्या, तर पट्टी कितीही कोरडी असली तरी ससा बरा होत नाहीये. लघवीचा रंगही पाहावा, पण घाबरून जाऊ नये. सशाची लघवी पांढुरकी असू शकते, कारण जास्तीचं कॅल्शियम तो मूत्रावाटे टाकतो. वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे ती लालसरही होते. ते रक्त आहे की रंग, हे दवाखान्यातली साधी तपासणीची पट्टी सांगते.

यातून एक गोष्ट उघड होते. सशासाठी वेदनाशामक औषध हा आरामाचा भाग नाही, तो पोटाचाच उपचार आहे. वेदना थांबली की आतडं चालतं. मेलॉक्सिकॅम हे यासाठी नेहमी वापरलं जाणारं औषध आणि सशाला ते किलोमागे कुत्र्यापेक्षा बरंच जास्त लागतं. त्यामुळे शेजारच्या कुत्र्याच्या औषधाचा हिशेब इथे लागू पडत नाही. काही सशांच्या शरीरात अ‍ॅट्रोपिन चटकन मोडून टाकणारं विकर असतं, त्यामुळे माणसाला विषारी ठरणारा बेलाडोनाचा पाला ते पचवतात आणि डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅट्रोपिनही त्यांच्यावर फारसं टिकत नाही. उलट अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी आपल्या घरांत सर्रास सापडणारी प्रतिजैविकं तोंडाने दिली तर अंधांत्रातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा जुलाबाने दगावू शकतो. गोचीड-पिसवांवरचं फिप्रोनिल त्याला विषारी आहे. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही सशाला देऊ नये, अगदी थेंबभरही.

ससा स्वतः खात नसेल तर गवताच्या भुकटीची पातळ पेज सिरिंजने भरवावी लागते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज घालून थोडं थोडं द्यावं, त्याने गिळलं की मग पुढचं. मान वर करून ओतलं तर ते फुप्फुसात जातं. आणि पोट फुगून टणक लागत असेल तर आधी डॉक्टर, मग भरवणं. आत अडथळा असेल तर भरवल्याने जीव जाईल. बाकी वेळी ताजी हरळी, वाळलेलं गवत, मुळ्याचा पाला, कोथिंबीर तोंडाशी ठेवावी. दात आयुष्यभर वाढतच असतात, ते झिजायलाही गवतच लागतं.

मोडलेल्या हाडासाठी भूल देण्याची वेळ येते तेव्हा घरचे बिचकतात आणि ती भीती निराधार नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भूल आणि गुंगीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण सशांत १.३९ टक्के आढळलं, मांजरांत ०.२४ आणि कुत्र्यांत ०.१७. पण याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा नाही. सशांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधावा असा आहे. एक प्रश्न विचारला की बरंच कळतं: ‘आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?’ ससा उलटी करत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्यासारखं उपाशी ठेवत नाहीत. मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी दवाखाने आहेत, पण ससा रोज हाताळणारे हात कमी आहेत. कुठे जायचं हे अपघाताच्या रात्री शोधायची गोष्ट नाही. ससा घरी आणतानाच फोन करून विचारून ठेवावं.

हाड जुळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस लहान जागेत ठेवावं, उड्या बंद. जाळीचा तळ काढून टाकावा. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. त्यामुळे जाळीवर तळवे सोलवटतात आणि आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. धागे न सुटणारी जाड चटई घालावी. गळ्यात प्लास्टिकची कॉलर बांधली तर टाके वाचतात, पण मऊ लेंड्यांपर्यंत तोंड पोचत नाही, म्हणून शक्य तिथे ती टाळावी. कमरेला इजा असलेल्या सशाचं मागचं अंग दिवसातून दोनदा तरी तपासावं. लघवीने ओल्या झालेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडू शकतात.

काही वेळा पाय वाचत नाही. तीन पायांवर ससे चांगले जगतात, वजन आटोक्यात ठेवलं आणि जमीन मऊ दिली तर. कणा पूर्ण तुटून मागच्या पायांची संवेदनाच गेली असेल तर मूत्राशय हाताने रिकामं करत राहावं लागतं आणि अशा वेळी डॉक्टर दयामरणाचा विचार सुचवतात. तो सल्ला ऐकणं म्हणजे प्रेम कमी पडणं नव्हे. मात्र अपघात झालेलाच नसताना पाय लुळे पडले तर घाई करू नये. एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवीही हेच लक्षण दाखवतो आणि त्यावर उपचार आहेत.

हे सगळं पाळीव सशाबद्दल, ज्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. माळरानावर जखमी सापडलेला रानससा वेगळ्या जातीचा प्राणी आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याला घरी न ठेवता वनविभागाला कळवायचं असतं.

घरात जोडीचा दुसरा ससा असेल तर त्याला दवाखान्यात सोबत न्यावं. वेगळ्या वासाचा होऊन परतलेल्या जोडीदाराला तो कधी कधी ओळखत नाही आणि अंगावर जातो. सोबत असली की जखमी ससा लवकर खायला लागतो, हाही फायदा. आणि बरं होण्याच्या काळात स्वयंपाकघरातला वजनकाटा रोज एकाच वेळी वापरावा. दोन किलोच्या सशाचं वजन १०० ग्रॅमने उतरलं तर तो पाच टक्क्यांनी घटला. पट्टी सोडायची तारीख लांब असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.