चार रेघा आणि एक आकडा

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी विचारलं, “सूर्यावर कुणी गेलेलं नाही, मग तिथं काय आहे हे कसं सांगता? आणि तुम्ही सांगता म्हणून आम्ही का मानायचं?” प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज नुसतं ऐकू नका, वही-पेन्सिल घेऊन बसा. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटरही चालेल.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. गॅसवर मिठाचं पाणी उतू गेलं, की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वायुरूपातलं प्रत्येक मूलद्रव्य तापलं, की आपापल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देतं. काचेच्या लोलकातून तो पाहिला, तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता सुट्या रंगीत रेघा दिसतात. बँकेत आपला अंगठा जसा दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, तशाच या रेघा. त्यांच्यावरून मूलद्रव्य ओळखता येतं.

सगळ्यांत साधं मूलद्रव्य हायड्रोजन. आपण पितो त्या पाण्यातही तो असतो. त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या ठळक रेघा चार: एक तांबडी, एक निळसर हिरवी आणि दोन जांभळ्याकडे झुकणाऱ्या. प्रकाश लाटांनी चालतो आणि प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी असते. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी या चार लांब्या फार काळजीपूर्वक मोजल्या. त्या अशा: ६५६.२, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.१ नॅनोमीटर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

पण हेच आकडे का? याचं उत्तर शोधलं स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावच्या एका शिक्षकाने. त्यांचं नाव योहान याकोब बाल्मर. ते मुलींच्या शाळेत शिकवत. १८८५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांना या आकड्यांतली मेख सापडली.

आता लिहून घ्या. आकडा आहे ३६४.५६.
३ चा वर्ग ९. त्यातून ४ वजा केले, उरले ५. आता ३६४.५६ ला ९ ने गुणा आणि ५ ने भागा. आले ना ६५६.२? ही तांबडी रेघ.
मग ४ घ्या. वर्ग १६, वजा ४, उरले १२. त्याच आकड्याला १६ ने गुणून १२ ने भागा. ४८६.१.
५ आणि ६ घेऊन उरलेल्या दोन रेघा तुम्हीच काढा. आठवी-नववीतली लेक शेजारी असेल, तर तिला करू द्या.

७ घेऊन बाल्मरांनी पाचवी रेघही काढली: सुमारे ३९७. अशी रेघ कुणी पाहिली आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विद्यापीठातल्या एका मित्राने सांगितलं, की ती आणि तिच्या पुढच्याही रेघा मोजून झाल्या आहेत. त्यातल्या काही पांढऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात दिसल्या होत्या. शाळामास्तरांच्या वहीतलं गणित ताऱ्यांशी जुळलं होतं.

स्वीडनच्याच योहानेस रिडबर्ग यांनी हे सूत्र दुसऱ्या मूलद्रव्यांनाही लागू पडेल असं मांडलं. लाटेची लांबी मोजण्याऐवजी त्यांनी ठरावीक अंतरात किती लाटा मावतात ते मोजलं. तेव्हा एकच आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला. तोच रिडबर्ग स्थिरांक. आजच्या मोजणीने तो एका मीटरला १,०९,७३,७३१ आणि थोडा वर. बाल्मरांचा ३६४.५६ याच आकड्यात दडलेला आहे. ४ ला ३६४.५६ ने भागा आणि नॅनोमीटरचे मीटर करण्यासाठी शंभर कोटींनी गुणा, उत्तर जवळपास तेच येतं.

कारण मात्र १९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी सांगितलं. अणूतला इलेक्ट्रॉन कुठंही राहत नाही, ठरावीक पायऱ्यांवरच राहतो. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला, की तेवढ्या उंचीचा प्रकाश बाहेर पडतो. तिसरीवरून दुसरीवर आला तर तांबडी रेघ, चौथीवरून दुसरीवर आला तर निळसर हिरवी. आपण दर वेळी वजा केलेले ४ म्हणजे या दुसऱ्या पायरीचा, २ चा वर्ग.

सूर्याच्या प्रकाशातही ठीक याच जागी रेघा आहेत, फक्त तिथं त्या काळ्या दिसतात. म्हणून सूर्यावर हायड्रोजन आहे असं आपण खात्रीने म्हणतो. तर ताई, आम्ही सांगतो म्हणून मानू नका. गुणाकार-भागाकार करून पाहा.

आणि गणित मुलींना काय करायचंय असं घरात कुणी म्हणालं, तर सांगा, की ताऱ्यांच्या रेघांचं गणित मुलींच्या शाळेतल्या मास्तरांनी सोडवलं होतं.