कुपनावरच्या दोन ओळी

दूर शिकायला गेलेल्या मुलाशी घराचा संबंध कसा टिकत होता, हे शोधणारा अभ्यासक सहसा पत्रांकडे वळतो. यवतमाळ जिल्ह्यात मला मात्र पत्रांपेक्षा मनीऑर्डरच्या कुपनांनी अधिक सांगितले. ओळखीच्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत, शाळेच्या दाखल्यांसोबत ती जपून ठेवलेली सापडतात. ती पाहत गेलो, तसे माझे एक मत बनत गेले. आपल्याकडे आईबाप आणि मुले एकमेकांना जे सांगत आले, त्याहून जे लपवत आले ते मोठे आहे. शब्दांनी झाकलेले हे सारे रकमेत आणि तारखेत उघडे पडते.

आधी अंतराचा विचार करू. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, अमरावतीचे १९८३ साली, आणि यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९८९ साली. म्हणजे कित्येक पिढ्यांसाठी मोठे शिक्षण घेणे म्हणजे जिल्हा सोडणेच होते. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईकही नागपुरात शिकूनच वकील झाले. इंग्रजांच्या काळात कापूस वाहण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे टाकली गेली. तीच आपली ‘शकुंतला’. कापसाच्या त्या वाटेने मुलेही मूर्तिजापूरला जात आणि पुढची मोठी गाडी धरत.

टपाल खात्याची मनीऑर्डर भारतात १८८० साली सुरू झाली. तिच्या फॉर्मची रचना नीट पाहण्यासारखी होती. खाली निरोपासाठी एक लहानसे कुपन असे, ते पैसे घेणाऱ्याकडे राही. पोच मात्र घेणाऱ्याच्या सहीनिशी पाठवणाऱ्याकडे परत येई. ज्या बापाला चार पानी पत्र जमत नव्हते, तो कुपनावर दोन ओळी लिही किंवा मास्तरांकडून लिहून घेई. ज्या आईला अक्षरओळख नव्हती, तिला पोचेवरची मुलाची सही हेच पत्र होते. सहीचे वळण तेच आहे, म्हणजे पोरगा बरा आहे, एवढे तिला त्यावरून कळे.

खरी अडचण वेळापत्रकाची होती, आणि आजही आहे. महाविद्यालयाची फी आणि खोलीचे भाडे जून-जुलैत भरायचे असते. नेमके तेव्हाच बियाणे आणि खतात पैसा गेलेला असतो. कापसाची वेचणी सुरू होते दिवाळीच्या सुमारास, आणि पैसा हाती येतो त्यानंतर. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तिच्यातही चुकाऱ्याचे हप्ते पडत. शेतकऱ्याला हप्त्याने मिळालेला पैसा वसतिगृहातही हप्त्यानेच पोहोचे. मी पाहिलेल्या एका घरच्या कुपनांवर पावसाळ्यातल्या रकमा लहान आणि तुटक आहेत, हिवाळ्यातली एकच मोठी आहे. निरोप मात्र बाराही महिने तोच, इकडील सर्व क्षेम. मुलाचे उत्तरही तसेच, प्रकृती उत्तम, काळजी नसावी. त्याने एका वेळची मेस बंद केली होती, हे घरी पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढे एसटीडीचे बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून मुले तेव्हा रांग लावत आणि मीटरकडे डोळा ठेवून बोलत. मग मोबाईल आला, आणि २०१६ पासून यूपीआय. आता पैसे क्षणात पोहोचतात, पण त्यांच्यासोबत कुपन जात नाही आणि सहीची पोच परत येत नाही. त्या बदल्यात चेहरा दिसतो, हा लाभ लहान नाही. तरीही रोजच्या बोलण्यात ‘जेवलास का?’ आणि ‘हो, जेवलो’ यापलीकडे फारसे काही नसेल, तर जुने क्षेमच नव्या यंत्रातून चालू आहे असे म्हणावे लागेल.

ही केवळ जुन्या आठवणींची गोष्ट नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. त्या वर्षांत पुण्यात शिकणारी आपली मुले वर्तमानपत्रात जिल्ह्याचे नाव वाचून घरी फोन करत, आणि घरून उत्तर येई, इकडे सगळे ठीक. मुलाच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून बाप कर्ज सांगत नाही. बापाला घोर नको म्हणून मुलगी उपास सांगत नाही. दोघांची माया खरी असते, आणि त्या मायेपोटीच दोघे एकटे पडतात.

उपाय मला एका शेतकरी घरात दिसला. तिथे दर रविवारी फोनवर हिशेब होतो. वडील किती क्विंटल निघाला, काय भाव लागला आणि सोसायटीचे किती देणे उरले, ते सांगतात. मुलगी मेसचे बिल, पुस्तकांचा खर्च आणि उरलेले पैसे सांगते. जेवलीस का, हे तिथे कुणी विचारत नाही, कारण मेसच्या बिलावरून ते कळतेच.