न हलणाऱ्या गाडीतला ब्रेक

ड्रायव्हिंग सिम्युलेटर म्हणजे रस्त्यावर न उतरता गाडी चालवण्याची सोय. सीट, स्टेअरिंग, गिअर आणि पायाखालचे क्लच-ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर खरे किंवा खऱ्यासारखे असतात. समोरचा रस्ता संगणक पडद्यावर काढतो. पाय किती दाबला, स्टेअरिंग किती वळले, याची नोंद सतत होत राहते आणि त्या हिशेबाने दृश्य पुढे सरकते. चालक घडवण्याच्या कामात ही यंत्रे आता रुळली आहेत. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राला सिम्युलेटर ठेवावाच लागतो. संशोधनातल्या सिम्युलेटरवरची जबाबदारी याहून मोठी. शिकवण्याच्या यंत्राने हातापायाला सवय लावली की त्याचे काम भागते. संशोधनाचे यंत्र माणूस गाडी कशी चालवतो याची साक्ष देते, आणि ती साक्ष अमरावती-अकोला मार्गावरही खरी ठरायला हवी.

या यंत्राची गरज कुठे भासते हे मुंबईच्या आयआयटीतील कामावरून कळते. तिथल्या स्थापत्य विभागात नागेंद्र वेलगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइल, दारू आणि अपुरी झोप यांचा चालकावर होणारा परिणाम सिम्युलेटरवर तपासला. रक्तात ०.०३, ०.०५ आणि ०.०८ टक्के मद्य असलेला माणूस पादचारी आडवा आल्यावर काय करतो, हा प्रयोग खऱ्या रस्त्यावर कोणी करू शकत नाही, करूही नये. पुष्पा चौधरी आणि वेलगा यांचा मोबाइलवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शंभर चालक, आणि पडद्यावर अचानक रस्ता ओलांडणारा माणूस. फोनवर साधे बोलताना प्रतिसादाचा वेळ ४० टक्क्यांनी वाढला, डोके लावावे लागेल असे बोलताना ९५, साधा मेसेज टाइप करताना १३७ आणि अवघड मेसेज टाइप करताना २०४ टक्क्यांनी.

२०४ टक्के वाढ म्हणजे वेळ तिपटीवर गेला. हा आकडा ओळखीच्या रस्त्यावर ठेवून पाहावा. अमरावती-अकोला मार्गावरचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा, लोणी ते माना हा पट्टा जून २०२२ मध्ये गाजला. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण सलग करून तिथे गिनीज विक्रम झाला. अशा गुळगुळीत रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. सावध चालकाला ब्रेकवर पाय न्यायला एक सेकंद लागतो असे धरले, तर २०४ टक्के वाढीनंतर तीच गाडी ब्रेक लागण्याआधी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असेल. मूर्तिजापूरजवळच्या एखाद्या फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोराच्या दृष्टीने या ४५ मीटरांच्या फरकात सगळे आले. म्हणूनच २०४ हा आकडा कितपत खरा, हा प्रश्न नुसता प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

या प्रश्नाची किल्ली ब्रेकच्या क्षणात सापडते. पडद्यावर माणूस आडवा येतो. चाचणीला बसलेल्याचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन ब्रेकवर जातो, हातांची पकड घट्ट होते, पाठ सीटला रेटली जाते. गाडी थांबताना अंग पुढे फेकले जाणार म्हणून शरीर आधीच तयार झालेले असते. पडद्यावरचा रस्ता थांबतो. अंग मात्र पुढे जातच नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेतला सिम्युलेटर स्थिर बैठकीचा आहे, म्हणजे त्याची सीट जागची हलत नाही. डोळ्यांनी थांबलेली गाडी शरीराला कळत नाही. वर्षानुवर्षे ट्रक चालवलेल्या माणसाचा ब्रेक पायाइतकाच पाठीला आणि पोटाला समजतो; तो त्या जाणिवेवर पाय कमी-जास्त करतो. ती जाणीव काढून घेतली की तोच कसलेला चालक ब्रेक गरजेपेक्षा जोरात मारतो, किंवा गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते.

ही जाणीव यंत्रात आणायची तर गाठ आतल्या कानाशी पडते. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका वळणे आणि फिरणे ओळखतात. त्यांच्या शेजारचे सूक्ष्म खड्यांचे अवयव सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात, पण या दोहोंत त्यांना फरक करता येत नाही. सिम्युलेटर बांधणारे याचाच फायदा घेतात. केबिन हळूच पुढे कलती केली की बसलेल्याला ब्रेक लागल्यासारखे वाटते. ती इतक्या सावकाश कलली पाहिजे की कलल्याचे कळू नये. सेकंदाला साधारण तीन अंश ही मर्यादा धरतात. आता ताशी ८० किलोमीटरवरून गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ब्रेक मारला तर गाडी साडेचार सेकंदांत उभी राहते. तेवढा जोर नुसत्या कलण्यातून द्यायचा तर केबिन ३० अंश झुकायला हवी आणि त्याला दहा सेकंद लागतील. केबिन पुरती झुकायच्या आत ब्रेकचा क्षण संपलेला असतो. उरलेली कसर भरून काढायला केबिन प्रत्यक्ष मागेपुढे धावावी लागते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा राष्ट्रीय सिम्युलेटर त्यासाठी सुमारे २० मीटर लांब-रुंद जागेत फिरतो, तर टोयोटाने २००७ मध्ये जपानमध्ये उभारलेला ३५ बाय २० मीटरच्या जागेत. एवढे करूनही लांबलचक, जोरदार ब्रेक पूर्णपणे उतरत नाही.

डोळ्यांची अडचण निराळी. वेगाचा अंदाज बराचसा नजरेच्या कडेने येतो. बाजूची झाडे, कठडे, दुकाने मागे पळतात त्यावरून. पडदा अरुंद असला की वेग कमी भासतो आणि पाय नकळत दाबला जातो. बोगद्यात गाडी चालवण्याची तुलना करणारा एक स्वीडिश अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सिम्युलेटरवरचा वेग खऱ्या बोगद्यातल्यापेक्षा जास्त निघाला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या २००२ सालच्या अभ्यासात उलटे दिसले. लोक खऱ्या गाडीत अधिक वेगाने गेले. मात्र रस्त्यावरच्या कंपन पट्ट्या आल्यावर वेग कुठे आणि कसा उतरत गेला, हे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते.

या क्षेत्राचा पायाभूत भेद इथेच आहे. ब्लाऊ या डच संशोधकाने १९८२ मध्ये सिम्युलेटरची विश्वासार्हता दोन पातळ्यांवर तपासली. आकडा जसाच्या तसा जुळणे ही एक, आणि बदलाची दिशा व क्रम जुळणे ही दुसरी. चांगले सिम्युलेटर दुसऱ्या कसोटीला बहुतेक वेळा उतरतात, पहिल्याला क्वचित. म्हणून २०४ हा आकडा उचलून अकोल्याच्या रस्त्यावर जसाच्या तसा लावणे चूक. सिम्युलेटरवर जीव जाणार नाही हे चालकाला ठाऊक असते, त्यामुळे तो मेसेज निर्धास्त टाइप करतो. खऱ्या रस्त्यावर अधूनमधून मान वर करतो, वेग उतरवतो. उलट, प्रयोगशाळेत काहीतरी आडवे येणार याची त्याला कुणकुण असते, रस्त्यावर नसते. आकडा यांपैकी कोणत्याही बाजूला झुकू शकतो. पण साध्या बोलण्यापेक्षा अवघड बोलणे घातक आणि बोलण्यापेक्षा टाइप करणे कितीतरी घातक, हा क्रम पक्का आहे, आणि कायदा करायला व चालकांना बजावायला तो पुरेसा आहे.

वऱ्हाडातला कोणता रस्ता सिम्युलेटरवर नीट उतरेल, याचे उत्तरही वरच्या विवेचनातच आहे. समृद्धी महामार्ग सगळ्यात चांगला उतरेल. लांब सरळ पट्टे, ब्रेकचे प्रसंग कमी, वळणे सौम्य. शरीराला जाणवण्यासारखे फारसे काही घडतच नाही, त्यामुळे स्थिर सीटचे उणेपण झाकले जाते. नागपूरच्या व्हीएनआयटीने या महामार्गावरच्या अपघातांचा अभ्यास करताना महामार्ग संमोहनाकडे, म्हणजे एकसुरी रस्त्यावर लक्ष हरपण्याकडे, बोट दाखवले. रात्रभर ट्रॅव्हल्स चालवणाऱ्याचे डोळे उघडे असताना लक्ष कधी सुटते, हे सिम्युलेटरवर कोणाचा जीव धोक्यात न घालता मोजता येते. इथेही ताळा हवा. स्वीडनमधल्या तुलनेत खऱ्या रस्त्यापेक्षा सिम्युलेटरवर माणसे जास्त पेंगलेली आढळली.

परतवाड्याहून सेमाडोह किंवा चिखलदऱ्याकडे चढणारा घाट मात्र यंत्राची परीक्षा पाहतो. वळणावर दृश्य गरकन फिरते आणि अंग जागचे हलत नाही. मळमळ, घाम, डोके जड होणे सुरू होते. या त्रासाची मोजदाद करणारी सोळा लक्षणांची प्रश्नावली १९९३ पासून वापरात आहे. वयस्कांना तो अधिक होतो आणि ते चाचणी अर्धवट सोडतात, म्हणजे निष्कर्षातून नेमका तो वयोगट गळतो.

सगळ्यात मोठी उणीव मात्र यंत्राबाहेरची आहे. परदेशी सॉफ्टवेअरमधली वाहने आपापल्या पट्ट्यात चालतात. अमरावती-अकोला मार्गावर कपाशीने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली असते, संध्याकाळी घरी परतणारी बंडी असते, दुभाजकातला पुढचा कट दूर म्हणून राँग साइडने येणारी दुचाकी असते आणि हात दाखवताच कुठेही थांबणारी काळीपिवळी असते. इथला चालक हॉर्नने आणि डिप्परने समोरच्याशी बोलतो, आणि समोरचा उत्तर देतो. पडद्यावरच्या गाड्यांना हे संभाषण येत नाही. काळ्या कापसाच्या जमिनीवरचे गावरस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. त्यांवरचे हेलकावेही स्थिर सीटला ठाऊक नसतात. यातले बरेचसे प्रोग्राममध्ये घालता येण्यासारखे आहे. ते घातल्याशिवाय वऱ्हाडाबद्दल ठाम बोलणारा अभ्यास अपुराच म्हणावा लागेल.

ताळा घेण्याची पद्धत ठरलेली आहे. वेग, ब्रेक आणि स्टेअरिंग टिपणारी उपकरणे बसवलेली गाडी घेऊन एमएच २७ आणि एमएच ३० पासिंगच्या गाड्या रोज चालवणारे चालक लोणी ते माना पट्ट्यावर न्यायचे. तोच पट्टा, तेच फाटे आणि तीच वर्दळ पडद्यावर उभी करून त्याच चालकांना सिम्युलेटरवर बसवायचे. दोन्हीकडच्या वेगाच्या आलेखांतले चढउतार एकाच ठिकाणी आले, तर पडद्यावरच्या मूर्तिजापूरवरून काढलेला निष्कर्ष खऱ्या मूर्तिजापूरला लावता येतो.